वेगाची हौस आणि वेगाची जागा



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मोहाडीच्या ज्या महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवतो, तेथे अकरावीच्या वर्गात वर्तुळगतीचा पाठ चालू होता. उदाहरण मोटारसायकलचे घेतले होते, म्हणून सहज विचारले, "तुमच्यापैकी मोटारसायकल कोण कोण चालवतो?" निम्म्याहून अधिक हात वर झाले. "आणि परवाना कोणाकोणाकडे आहे?" सगळे हात खाली आले आणि वर्गभर हशा पिकला.

मी रागावलो. कायदा सांगू लागलो. गियरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे सारे चालू असताना मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तुमी बी त चेन्नईले जाऊन गाडी पळवता. मंग आमालेच काऊन रागावता?"

वर्ग पुन्हा हसला. मलाही हसू आले, पण उत्तर काही चटकन देता आले नाही. मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. वर्ष-दीड वर्षातून एकदा मी सुट्टी काढून चेन्नईजवळच्या शर्यतमार्गावर जातो आणि दिवसभर मोटारसायकल पळवतो. शर्यतीत भाग घेत नाही, बक्षीस मिळत नाही, कोणी टाळ्याही वाजवत नाही. केवळ आनंदासाठी जातो. तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर आज लिहितो आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. वेगाची हौस वाईट नाही. ती भलत्या जागी भागवणे वाईट. आणि योग्य जागा गावाच्या आसपास कोठेही नसणे हा दोष तुम्हा मुलांचा नाही. तो आम्हा मोठ्यांचा आहे. हे मत मी कसे बनवले, ते आता क्रमाने पाहू.

एक चूक आणि तिची किंमत

२००३ सालचा नोव्हेंबर. एम.एस्सी. होऊन मला थोडेच महिने झाले होते. मोहाडीहून तुमसरकडे निघालो होतो. मागे माझा मामेभाऊ बसला होता. हेल्मेट घरी खुंटीला होते. धानाची कापणी-मळणी चालू असली की आपल्या भागात डांबरी रस्त्याच्या कडेला धान वाळत घालतात, तणस पसरतात, हे तुम्ही दरवर्षी पाहता. एका वळणावर मी जरा जोरातच शिरलो. वळणाच्या मध्यावर पुढे तणस दिसली. भीतीने उजव्या हाताची चारही बोटे पुढच्या ब्रेकवर आवळली गेली, आणि दुसऱ्या क्षणी आम्ही दोघेही रस्त्यावर होतो.

माझे खांद्याजवळचे हाड मोडले. ते दीड महिन्यात जुळले. मामेभाऊ घसरत जाऊन रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर आदळला. त्याचा उजवा गुडघा आजही पुरता वाकत नाही. पंगतीत सारे मांडी घालून बसतात तेव्हा त्याला खुर्ची द्यावी लागते. तो शेतकरी आहे. धानाची रोवणी करणाऱ्या माणसाचा गुडघा वाकत नाही म्हणजे काय, हे भंडारा जिल्ह्यातल्या मुलांना समजावून सांगायला नको.

त्या दिवशी वर्तुळगतीची सर्व सूत्रे मला पाठ होती. परीक्षेत त्यांवर गुणही मिळाले होते. परंतु सूत्र डोक्यात असणे आणि ते हाताच्या बोटांत उतरणे यांत फार अंतर असते. ते अंतर कसे कापायचे, हा पुढे माझ्या आवडीचा विषय झाला.

वळणाचा हिशेब

मोटारसायकल वळताना आतल्या बाजूला कलते. का कलते? वळायचे तर वर्तुळाच्या केंद्राकडे ओढणारे बल हवे. त्याला आपण अभिकेंद्री बल म्हणतो. हे बल टायर आणि रस्ता यांमधल्या घर्षणातून मिळते. पण घर्षण लागते ते जमिनीपाशी आणि वजन असते ते वर. त्यामुळे सरळ उभी गाडी बाहेरच्या बाजूला उलटू पाहते. म्हणून गाडी आणि स्वार दोघांनाही आत कलावे लागते. किती कलायचे, याचा हिशेब सोपा आहे. वेगाचा वर्ग करा, त्याला त्रिज्या आणि ९.८ यांच्या गुणाकाराने भागा. जी संख्या येईल तिला कलण्याच्या कोनाचा स्पर्शक म्हणतात. (वेग मीटर प्रतिसेकंद आणि त्रिज्या मीटरमध्ये घ्यायला विसरू नका.)

समजा वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाला कोन सुमारे १४ अंश येतो. ताशी ६० ला ३० अंश. ताशी ८० ला ४५ अंश. पाहा, वेग दुप्पट झाला तर कोन तिपटीपेक्षा अधिक झाला. आता याच हिशेबातली दुसरी गोष्ट. भागाकाराची जी संख्या आली, तेवढाच घर्षण गुणांक टायरला मिळाला पाहिजे. नाही तर गाडी घसरणार. ताशी ४० ला ०.२५ लागतो, ६० ला ०.५७, ८० ला १. आणि रस्ता देतो किती? कोरड्या, स्वच्छ डांबरावर साधारण ०.८. ओल्यावर ०.५ च्या आसपास. धान, तणस, वाळू किंवा ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला बांधीतला चिखल असेल तर त्याहूनही पुष्कळ कमी. म्हणजे जे वळण वैशाखात ताशी ६० वेगाने सुखरूप पार पडते, तेच आषाढात किंवा कार्तिकात त्याच वेगाने पाडू शकते. वळण तेच, गाडी तीच, माणूसही तोच. बदलला तो फक्त गुणांक.

येथे एक गंमत. घर्षण गुणांक १ पेक्षा अधिक असूच शकत नाही, असे पुष्कळ विद्यार्थी धरून चालतात. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोइडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली पहिली मोटो जीपी शर्यत झाली. तिच्यातले स्वार वळणावर ६० अंशांहूनही अधिक कलतात. ६० अंशांचा स्पर्शक १.७३ आहे! शर्यतीचे टायर मऊ रबराचे असतात. तापले की ते डांबराच्या बारीक खाचाखळग्यांत रुतून बसतात आणि पृष्ठभागाला चिकटतातही. लाकडाचा ठोकळा टेबलावर ओढून काढलेले नियम रबराला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पण आपल्या टायरांना ही करामत साधत नाही, हेही लक्षात ठेवा.

टायरची मिळकत

आता माझ्या पडण्याचे कारण सांगतो. टायरला मिळणारे घर्षण ही एक ठरावीक मिळकत समजा. ती वळण्यावर खर्च करता येते, ब्रेक लावण्यावर खर्च करता येते किंवा दोन्हींवर वाटून. मात्र ही वाटणी साध्या वजाबाकीने होत नाही. ब्रेकचे बल मागे आणि वळणाचे बल बाजूला, अशी दोन्ही एकमेकांशी काटकोनात असतात. म्हणून येथे पायथागोरसचा सिद्धांत लागतो. मिळकत १० आहे आणि वळणावर ८ खर्च झाले, तर ब्रेकसाठी ६ उरतात, कारण ६ चा वर्ग आणि ८ चा वर्ग मिळून १० चा वर्ग होतो. पण वळणावरच सगळे १० खर्च झाले असतील, तर ब्रेकसाठी शून्य उरते. अशा वेळी ब्रेक दाबला की टायर दिवाळखोर होतो. तणशीवर माझी मिळकत एकदम घटली आणि नेमक्या त्याच क्षणी मी खर्च वाढवला.

म्हणून जाणते स्वार काय करतात? वळणाआधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक लावून वेग उतरवतात. मग ब्रेक सोडत वळतात. वळण संपत आले, गाडी उभी होऊ लागली, की मग वेग वाढवतात. हा क्रम वाचायला एक मिनिट लागतो. अंगवळणी पडायला शेकडो वेळा तेच वळण, तोच रस्ता आणि तीच परिस्थिती लागते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचे वाटेल. एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या आणि पुन्हा पुन्हा मोजायचे, याला आपण प्रयोग म्हणतो. आणि प्रयोगासाठी प्रयोगशाळा लागते.

शर्यतमार्गावरचा एक दिवस

ही प्रयोगशाळा मला २०१८ साली पहिल्यांदा पाहायला मिळाली. चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर इरुंगाट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७ किलोमीटर लांबीचा शर्यतमार्ग आहे. तो १९९० साली सुरू झाला. त्याआधी या क्लबच्या शर्यती मद्रासजवळच्या शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या एका जुन्या धावपट्टीवर होत असत. मुंबईतही एके काळी जुहूच्या विमानतळावर शर्यती झाल्या आहेत. शर्यतमार्गावर हौशी स्वारांसाठी काही दिवस राखून ठेवतात. शुल्क भरायचे आणि आपलीच गाडी दिवसभर तेथे चालवायची. याला 'ट्रॅक डे' म्हणतात.

नागपूरहून मी माझी २०० सीसीची पल्सर रेल्वेच्या पार्सल डब्यातून पाठवली. पेट्रोलची टाकी रिकामी करून आणि गाडी गोणपाटात गुंडाळून. मी स्वतः साध्या डब्यातून गेलो. सकाळी सातला पाहतो तो लाखो रुपयांच्या गाड्यांच्या रांगेत माझी पल्सर लग्नाच्या मांडवात वाट चुकून आलेल्या वासरासारखी दिसत होती. पण तेथे कोणी हसले नाही. प्रथम तपासणी झाली. टायर, ब्रेक, साखळी, तेलाची गळती, सारे पाहिले. आरसे आणि दिवे चिकटपट्टीने झाकले, म्हणजे पडल्यास काचा मार्गावर पसरू नयेत. कातड्याचा पूर्ण पोशाख, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि हनुवटीपर्यंत झाकणारे हेल्मेट असल्याशिवाय कोणाला आत सोडत नव्हते. पोशाख मी भाड्याने घेतला होता; तो काखेत काचत होता.

मग झेंड्यांची भाषा शिकवली. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, पुढच्याला ओलांडू नका. लाल म्हणजे सर्वांनी वेग उतरवून परत या. चौकटींचा म्हणजे तुमची पाळी संपली. अनुभवाप्रमाणे गट केले. नवशिक्यांच्या गटात मी आणि माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुले. एका वेळी पंधरा-वीस मिनिटेच चालवायचे, मग तेवढाच किंवा अधिक वेळ विश्रांती आणि चर्चा. माझ्या वेगदर्शकावर शिक्षकाने चिकटपट्टी लावली. "काट्याकडे पाहू नका, वळणाच्या शेवटाकडे पाहा," असे तो म्हणाला. त्याचे कारण पहिल्या फेरीतच कळले. नजर जिकडे जाते तिकडे गाडी जाते. कडेच्या मातीकडे पाहिले की गाडी मातीकडे निघते.

दुपारपर्यंत एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. वळणात जोराने शिरण्याचा प्रयत्न केला की फेरीला अधिक वेळ लागे. वेग थोडा आधी उतरवून शांतपणे शिरलो की बाहेर पडताना वेग लवकर घेता येई आणि फेरी लवकर संपे. पंधरा वर्षांपूर्वी जी बोटे भीतीने आवळली होती, ती आता ब्रेक हलक्या हाताने, वेळेवर लावीत आणि वेळेवर सोडीत होती. तो आनंद मी शब्दांत नीट सांगू शकणार नाही. एखादे गणित आठवडाभर सुटत नसावे आणि मग अचानक सुटावे, तसा काहीसा तो असतो. फरक इतकाच, की हे गणित सगळ्या शरीराला सुटते.

पन्नास मीटर मोकळी जमीन

दुपारी माझ्या पुढचाच एक मुलगा पडला. वळणावर त्याची गाडी घसरली, तो वेगळा झाला आणि दोघेही मार्गाबाहेरच्या मोकळ्या जागेत घसरत गेले. लगेच पिवळे झेंडे हलले. आम्ही वेग उतरवला. रुग्णवाहिका निघालीच होती. पण मुलगा उठला, पोशाखावरची माती झटकली आणि गाडीकडे चालू लागला. मला माझ्या मामेभावाची आठवण झाली. वेग कदाचित आमच्यापेक्षा त्याचाच अधिक असेल. मग हा उभा कसा राहिला?

हिशेब करा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. घसरणाऱ्या माणसाला जमिनीचे घर्षण थांबवते, गुणांक ०.५ धरला तर तो साधारण ५० मीटर घसरून थांबतो. या सगळ्या प्रवासात त्याच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या निम्मे बल लागते. पोशाख जाड असेल तर ते सहज सोसते. आता त्याच वेगाने तो एखाद्या कठड्यावर आदळला आणि अर्ध्या मीटरात थांबला असे समजा. अंतर शंभरपट कमी झाले, म्हणून बल शंभरपट वाढले. म्हणजे वजनाच्या पन्नासपट. साठ किलोच्या मुलावर तीन टनांचा भार!

मित्रहो, माझ्या उत्तराचे मर्म येथे आहे. शर्यतमार्गाची खरी किंमत त्याच्या गुळगुळीत डांबरात नसते. ती वळणाबाहेर मोकळ्या सोडलेल्या जमिनीत असते. आपल्या रस्त्यावर वळणाबाहेर काय असते? मोरीचा कठडा, विजेचा खांब, बाभूळ, पानठेला, बांधी, शाळेतून परतणारी मुले. तेथे पन्नास मीटर कोणी मोकळे सोडलेले नाहीत, आणि सोडणेही शक्य नाही.

आणखी एक भेद आहे. आलेखकागदावर काटकोनात वळणारा, १० मीटर रुंदीचा मार्ग काढा. आतल्या कडेची त्रिज्या १५ मीटर आणि बाहेरच्या कडेची २५ मीटर घ्या. मधल्या रेषेवरून गेलात तर त्रिज्या २० मीटर. पण बाहेरच्या कडेने येऊन, वळणाच्या मध्यावर आतली कड गाठून, पुन्हा बाहेरच्या कडेला जाणारा वर्तुळखंड काढलात तर त्याची त्रिज्या सुमारे ४९ मीटर येते. कंपास घेऊन ताडून पाहा. त्रिज्या जवळजवळ अडीचपट, म्हणून तितक्याच घर्षणात वेग दीडपटीहून अधिक. शर्यतमार्गावर हीच शहाणपणाची वाट. आणि रस्त्यावर? उजवीकडे वळताना ही वाट समोरून येणाऱ्या एसटीच्या पुढ्यातून जाते. भूमिती तीच आहे. शर्यतमार्गावर समोरून कोणी येत नाही, म्हणून ती तेथे बरोबर ठरते.

तेव्हा मागच्या बाकावरच्या माझ्या मित्रा, मी चेन्नईला पळवतो आणि तुला येथे रागावतो, याचे कारण माझे वय किंवा माझा अधिकार हे नव्हे. तेथे टायरखाली काय आहे हे मला माहीत असते, समोरून कोणी येत नाही आणि कडेला कोणी उभे नसते. येथे या तिन्ही गोष्टींचा भरवसा नाही. शिवाय येथे पडलो तर दुसऱ्या कोणाचा गुडघा जातो.

आजोबांना हे ठाऊक होते

ही काही नवी अक्कल नाही. आपल्या पूर्व विदर्भात पिके निघाली की शंकरपट भरतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. तेव्हापासून पट पुन्हा रीतसर भरू लागले. बैलांना त्रास होतो की नाही, हा वेगळा आणि महत्त्वाचा विषय आहे. त्यावर येथे लिहीत नाही. मला दाखवायचे आहे ते इतकेच, की पट गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात आखतात. जमीन सारखी करतात, धोंडे वेचतात, माणसांना दोन्ही बाजूंनी हटवतात. बाजाराच्या वाटेवर कोणी जोडी पळवीत नाही. वेगाची हौस आपल्या आजोबांनाही होती. तिला त्यांनी जागा आणि दिवस नेमून दिला होता.

इंग्लंडातही असेच घडले. १९०३ च्या कायद्याने तेथे मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा होती. मग वेगाची हौस आणि गाड्यांची परीक्षा यांसाठी १९०७ साली ब्रुकलँड्स येथे खास शर्यतमार्ग बांधला गेला. त्याच वर्षी आइल ऑफ मॅन बेटावर मात्र सार्वजनिक रस्त्यांवरच मोटारसायकलींच्या शर्यती सुरू झाल्या. आजवर त्या बेटावरच्या वळणांनी अडीचशेहून अधिक स्वारांचे प्राण घेतले आहेत. तेथील भिंती आणि खांब जागचे हलत नाहीत.

आक्षेप आणि उत्तरे

माझ्या मतावर आक्षेप आहेत. ते लपवणार नाही. पहिला, हा श्रीमंतांचा छंद आहे. बऱ्याच अंशी खरे आहे. रेल्वेचे भाडे, शुल्क, पोशाख, टायर यांचा खर्च माझ्यासारख्यालाही वर्ष-दीड वर्षातून एकदाच झेपतो. दुसरा, पेट्रोल जळते. तेही खरे. तिसरा, तेथेही माणसे पडतात आणि कधी मरतातही. होय, तेथे धोका कमी होतो, शून्य होत नाही. चौथा आक्षेप सर्वांत मोठा. तेथे वेग शिकलेला माणूस रस्त्यावर अधिक बेफाम होणार नाही काय? माझ्यापुरते म्हणाल तर उलटे झाले. टायरची मिळकत किती हे कळल्यापासून मी तुमसरच्या रस्त्यावर सायकलवाल्यांच्या शिव्या खाण्याइतका सावकाश जातो. पण एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मीच तुम्हाला वर्गात शिकवतो. काही जण फुशारकी घेऊन परतत असतील. म्हणूनच केवळ वेग शिकवून भागणार नाही. ब्रेक, नजर आणि संयम आधी शिकवले पाहिजेत.

पण काहीच न शिकवण्याचा परिणाम काय आहे, तो आकड्यांत दिसतो. २०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली शंभरात सुमारे ४४ दुचाकीवर होती.

मग काय करावे?

प्रत्येक जिल्ह्यात चेन्नईसारखा शर्यतमार्ग मागणे हे स्वप्नरंजन होईल. कोल्हापूरला छोट्या कार्टगाड्यांचा मार्ग आहे. पण कोल्हापूर आमच्यापासून फार दूर. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टीही महायुद्धाच्या काळातलीच आहे, पण तेथे विमाने उतरतात. मग काय, हात जोडून बसायचे?

येथे पदार्थविज्ञान आपल्या मदतीला येते. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० वेगाने जो ३० अंशांचा कल येतो, तोच १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ताशी फक्त २७ किलोमीटर वेगाने येतो. करून पाहा हिशेब. टायरला तेच घर्षण लागते, शरीराला तोच अनुभव मिळतो, पण गतिज ऊर्जा पाचपट कमी असते. म्हणजे पक्क्या फरशीचे एक मोठे अंगण, भोवती मोकळी जागा आणि खडूने आखलेली वर्तुळे, एवढ्यावर बरेचसे शिकता येते. जपानमध्ये वाहनतळासारख्या जागेत शंकू मांडून 'मोटो जिमखाना' नावाचा खेळ खेळतात, तो याच तत्त्वावर. आपल्या तालुक्यात धानखरेदीचा हंगाम संपला की बाजारसमितीची आवारे रिकामी पडतात. नगरपंचायत, पोलीस, परिवहन खाते आणि महाविद्यालये यांनी मिळून महिन्यातून एक रविवार, परवानाधारक तरुणांसाठी, शिक्षकाच्या देखरेखीखाली असे एक आवार मोकळे केले तर खर्च फारसा नाही. ज्या महाराष्ट्रात चाकणसारख्या ठिकाणी मोटारसायकली तयार होऊन देशभर जातात, तेथे त्या नीट चालवायला शिकण्याचे एक अंगण तालुक्याला असू नये, हे मला पटत नाही.

आणि तुम्ही, ज्यांना अजून परवान्याचे वय झालेले नाही, त्यांनी काय करावे? तुमच्याकडे सायकल आहे. मोठे माणूस सोबत घ्या, डोक्याला हेल्मेट घाला, शाळेचे मैदान मोकळे असेल तेव्हा जा आणि हे दोन प्रयोग करा.

पहिला. जमिनीवर १० मीटर अंतर खुणा करून मोजा. ते अंतर ४ सेकंदांत जाईल अशा वेगाने या आणि दुसऱ्या खुणेला मागचा ब्रेक लावा. थांबायला किती अंतर लागले ते मोजा. मग तेच १० मीटर २ सेकंदांत जाईल अशा वेगाने या आणि ब्रेक तितक्याच जोराने लावा. पहिल्या वेळी मीटरभर लागले असेल तर दुसऱ्या वेळी चार मीटरच्या आसपास लागतील. वेग दुप्पट, अंतर चौपट. हा नियम एकदा स्वतः मोजला की जन्मभर विसरत नाही.

दुसरा. सायकल बऱ्यापैकी वेगाने सरळ चालू असताना डाव्या मुठीला पुढच्या दिशेने अगदी हलकेच ढकला. हँडल क्षणभर उजवीकडे फिरते, पण सायकल मात्र डावीकडे कलते आणि डावीकडे वळते! का? पुढचे चाक उजवीकडे सरकले, तुमचे वजन जागच्या जागी राहिले, म्हणून तुम्ही डावीकडे झुकलात. लहानपणापासून तुम्ही वळताना हेच करीत आलात; फक्त तुम्हाला ते ठाऊक नव्हते.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी हे दोन्ही प्रयोग दिले आहेत. त्याने पहिल्याच्या नोंदी वहीत आणून दाखवल्या; एका नोंदीत चूक होती, ती त्यानेच शोधून काढली. १८ वर्षे पूर्ण व्हायला त्याला अजून पंधरा महिने आहेत. तेवढ्या अवधीत मोहाडीत खडूची वर्तुळे आखलेले एक अंगण मिळवून दाखवीन, असे मी त्याला कबूल केले आहे. अर्ज लिहून तयार आहे. त्यावर सही करायला पहिला माझा मामेभाऊ आला होता.